हिंदू, बौद्ध व जैन धर्मांचे ऐतिहासिक परस्परसंबंध

हिंदू, बौद्ध व जैन हे भारतीय उपखंडात उगम पावलेले तीन प्रमुख धर्म आहेत. सुमारे अडीच हजार वर्षे ते एकाच भूमीवर, एकमेकांच्या सान्निध्यात आणि बऱ्याच अंशी एकाच परिभाषेत विकसित झाले. कर्म, पुनर्जन्म, संसारातून सुटका, अहिंसा व तप या कल्पना तिन्ही परंपरांत आढळतात. मात्र वेदांचे प्रामाण्य, आत्म्याचे स्वरूप, यज्ञ आणि वर्णव्यवस्था या प्रश्नांवर त्यांच्यात मूलभूत मतभेद आहेत.

या संबंधांचे वर्णन सामान्यतः दोन टोकांनी केले जाते. एका मतानुसार बौद्ध व जैन या हिंदू धर्माच्याच शाखा होत. दुसऱ्या मतानुसार या धर्मांचा इतिहास म्हणजे अखंड वैराचा इतिहास होय. शिलालेख, लेणी आणि ग्रंथ यांतून मिळणारा पुरावा यांपैकी कोणत्याही एका चौकटीत पूर्णपणे बसत नाही. तिन्ही परंपरांनी एकमेकींशी वाद घातले, एकमेकींच्या कल्पना स्वीकारल्या आणि एकमेकींच्या दैवतांना व महापुरुषांना आपल्या विश्वात स्थानही दिले. परंतु ते स्थान बहुधा दुय्यम असे.

संज्ञा

प्राचीन काळाविषयी लिहिताना ‘हिंदू धर्म’ ही संज्ञा जपून वापरावी लागते. ‘हिंदू’ हा शब्द सिंधू नदीच्या नावावरून इराणी भाषांच्या द्वारे आला असून धर्मवाचक अर्थाने तो बराच उशिरा रूढ झाला. बुद्ध व महावीर यांच्या काळातील त्यांचे प्रतिपक्षी स्वतःला हिंदू म्हणवीत नव्हते. त्या काळासाठी अभ्यासक वैदिक किंवा ब्राह्मणी परंपरा, तर पुढील काळासाठी शैव, वैष्णव, शाक्त इत्यादी संप्रदायांची नावे वापरतात.

जैनांचे जुने नाव ‘निर्ग्रंथ’ (प्राकृतात ‘निगंठ’) असे होते. बौद्ध, निर्ग्रंथ, आजीविक आणि इतर गृहत्यागी पंथांना मिळून ‘श्रमण’ म्हणत. ‘पाषंड’ हा शब्द अशोकाच्या लेखांत ‘धर्मपंथ’ एवढ्याच अर्थाने येतो. त्याला ‘पाखंड’ हा निंदाव्यंजक अर्थ पुढे चिकटला. वेद न मानणारा तो ‘नास्तिक’ अशी व्याख्या मनुस्मृतीत आहे. त्यामुळे बौद्ध व जैन दर्शने नास्तिक ठरली. या व्याख्येचा ईश्वर मानण्या-न मानण्याशी थेट संबंध नाही.

श्रमण आणि ब्राह्मण

श्रमण व ब्राह्मण या दोन शब्दांची जोडी प्राचीन साहित्यात वारंवार येते. ती ज्या दोन प्रकारे येते, त्यांतून या संबंधांच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

इ.स.पू. दुसऱ्या शतकातील वैयाकरण पतंजली याच्या महाभाष्यात स्वाभाविक विरोध असलेल्यांच्या समासाचे उदाहरण म्हणून श्रमण-ब्राह्मण ही जोडी आली आहे. व्याकरणपरंपरेत याच प्रकारच्या समासाचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण ‘अहिनकुल’, म्हणजे साप आणि मुंगूस, असे आहे. म्हणजेच या दोन वर्गांतील वैर भाषेच्या नियमासाठी उदाहरण म्हणून देण्याइतके परिचित होते.

याउलट, त्याआधीच्या शतकातील सम्राट अशोकाच्या लेखांत हीच जोडी दानाच्या व आदराच्या संदर्भात येते. ब्राह्मण व श्रमण या दोघांनाही दान द्यावे, दोघांचाही मान राखावा, असे हे लेख सांगतात. बाराव्या शिलालेखात सर्व पंथांचा आदर करावा, आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि परपंथाची निष्कारण निंदा टाळावी, असा उपदेश आहे. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीविक आणि निर्ग्रंथ या सर्वांच्या हिताकडे लक्ष देणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. स्वतः बौद्ध उपासक असलेल्या अशोकाने बिहारमधील बराबर टेकड्यांतील गुहा आजीविकांना दिल्या होत्या. महाराष्ट्रात सोपारा (नालासोपारा) येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत.

हे दोन पुरावे परस्परविरोधी वाटले तरी ते एकाच समाजाचे आहेत. पंडितांच्या सभेत विरोध आणि गृहस्थांच्या दारी दोघांनाही भिक्षा, अशी ही स्थिती होती. सर्व पंथांच्या आदराचा उपदेश शिळेवर कोरावा लागला, यावरूनही पंथांमधील तणावाची कल्पना येते.

उगम व परस्परपरिचय

जैन परंपरेनुसार महावीरांचा काळ इ.स.पू. ५९९ ते ५२७ असा मानला जातो. बुद्धाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी बुद्ध व महावीर हे समकालीन होते आणि मगध व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत वावरत होते, याविषयी सामान्यतः एकमत आहे. जैन परंपरेत महावीर हे संस्थापक नसून चोविसावे तीर्थंकर आहेत. त्यांच्या आधीचे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांनाही बहुतेक अभ्यासक ऐतिहासिक व्यक्ती मानतात.

पाली ग्रंथांत महावीरांचा उल्लेख ‘निगण्ठ नातपुत्त’ असा येतो. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात निर्ग्रंथांचा अनुयायी असलेला उपाली नावाचा श्रीमंत गृहस्थ बुद्धाशी वाद करण्यास जातो. काया, वाचा व मन यांपैकी कोणते कर्म अधिक सदोष, हा वादाचा विषय असतो. निर्ग्रंथ कायिक कर्माला महत्त्व देतात, बुद्ध मानसिक कर्माला. शेवटी उपाली बुद्धाचा उपासक होतो. परंतु आपल्या घरी आजवर येणाऱ्या निर्ग्रंथांना भिक्षा देणे थांबवू नये, असे बुद्ध त्याला सुचवतात.

जैनांच्या सूत्रकृतांग या आगमात याच वादाची दुसरी बाजू दिसते. पेंडीचा गोळा समजून कोणी माणसाला मारले तर हेतू नसल्यामुळे त्याला दोष लागत नाही, असे बौद्धांचे मत तेथे मांडले आहे आणि आर्द्रक हा मुनी त्याचे खंडन करतो. प्रत्येक परंपरेने प्रतिपक्षाचे मत आपल्या सोयीने मांडले हे उघड आहे. तथापि हिंसेचा दोष हेतूत असतो की कृतीत, हा वादविषय दोघांनाही सारखाच माहीत होता.

समान संकल्पना, भिन्न अर्थ

तिन्ही धर्मांतील शब्दसाम्य पाहून त्यांची शिकवण एकच आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात एकाच शब्दाचे अर्थ बरेच वेगळे आहेत.

कर्म: जुन्या वैदिक वाङ्मयात कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञकर्म. उपनिषदांत बऱ्यावाईट कृत्यांचे मरणोत्तर फळ या अर्थाने कर्मविचार दिसू लागतो. जैन मतानुसार कर्म हे सूक्ष्म जडद्रव्य असून ते जीवाला चिकटते आणि तपाने झडते. बौद्ध मतात कर्माचे सार चेतना, म्हणजे हेतू, हे आहे. कर्म व पुनर्जन्म यांची कल्पना वैदिक परंपरेतच विकसित झाली की श्रमणांकडून तिच्यात आली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

आत्मा: उपनिषदे व वेदान्त नित्य आत्मा मानतात. जैन दर्शन अनंत स्वतंत्र जीव मानते. बौद्ध दर्शन असा कोणताही नित्य आत्मा नाकारते.

अहिंसा: पातंजल योगसूत्रांतील पाच यम (अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह) आणि जैनांची पाच महाव्रते यांची नावे एकच आहेत. बौद्धांच्या पंचशीलात अपरिग्रहाच्या जागी मादक पदार्थांपासून दूर राहण्याचा नियम आहे. वैदिक यज्ञातील पशुवधाला बौद्ध व जैन या दोघांनीही विरोध केला.

ब्राह्मण: ‘खरा ब्राह्मण कोण?’ हा प्रश्न तिन्ही परंपरांनी विचारला. धम्मपदाच्या अखेरच्या वर्गात, जैनांच्या उत्तराध्ययनसूत्राच्या पंचविसाव्या अध्ययनात आणि महाभारताच्या वनपर्वातील नहुष-युधिष्ठिर संवादात ब्राह्मण्य जन्मावर नव्हे तर शीलावर ठरते, असे प्रतिपादन आहे. श्रमणांनी ‘ब्राह्मण’ हा शब्द टाकून दिला नाही, तर त्याचा अर्थ बदलण्याचा प्रयत्न केला; आणि ब्राह्मणी परंपरेलाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली.

राजाश्रय व दान

प्राचीन व मध्ययुगीन राजे एका धर्माचे अनुयायी असूनही अनेक धर्मांना दान देत. कलिंगचा जैन राजा खारवेल हाथीगुंफा लेखात सर्व पंथांचा आदर करणारा आणि सर्व देवालयांचा जीर्णोद्धार करणारा म्हणून वर्णिला आहे.

महाराष्ट्रातील पुरावा या दृष्टीने विशेष समृद्ध आहे. सातवाहनांच्या नाणेघाट येथील लेखात अश्वमेधादी वैदिक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. नाशिकच्या त्रिरश्मी (पांडवलेणी) लेण्यांतील क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमी बलश्री हिने कोरविलेला लेख आहे. त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याला अद्वितीय ब्राह्मण म्हटले असून वर्णसंकर थांबविल्याबद्दल त्याची प्रशंसा केली आहे. याच लेखाने ते लेणे भद्रायणीय शाखेच्या बौद्ध भिक्षूंना दान दिले आहे. वर्णव्यवस्थेच्या रक्षकाची स्तुती आणि वर्णभेद न मानणाऱ्या संघाला निवास या दोन गोष्टी त्या राजघराण्याला विसंगत वाटल्या नाहीत. तेथीलच क्रमांक १० च्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने ब्राह्मणांना दिलेल्या गाईंची व गावांची नोंद आहे. शिवाय भिक्षूंच्या खर्चासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे ३००० कार्षापण व्याजाने ठेवल्याचीही नोंद आहे.

वाकाटक राजे विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण होते आणि या घराण्याच्या आरंभीच्या राजांनी वैदिक यज्ञ केले होते. तरीही अजिंठ्याचे क्रमांक १६ चे लेणे पाचव्या शतकातील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने बौद्ध संघासाठी कोरविले. नवव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष हा जैन आचार्य जिनसेन यांचा भक्त होता. त्याच राजाने प्रजेवरील संकट टळावे म्हणून आपले बोट कापून महालक्ष्मीला अर्पण केले, असे संजान ताम्रपटात म्हटले आहे. त्याच्याच कारकिर्दीत कान्हेरीच्या बौद्ध विहाराला दाने मिळाल्याचे तेथील लेखांवरून दिसते. बाराव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील गंडरादित्याने एका तलावाच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत या तिघांचीही स्थापना करून त्यांना जमिनी दिल्या.

लेणी आणि तीर्थस्थाने

वेरूळ येथील प्रमुख ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन आहेत. ती साधारणपणे इ.स. ६०० ते १००० या काळात कोरली गेली. कोरण्याच्या पद्धती व शिल्परचना एका धर्माच्या लेण्यांतून दुसऱ्याच्या लेण्यांत गेलेल्या दिसतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील कैलास लेण्याचा (क्रमांक १६) आराखडा जैनांच्या क्रमांक ३० च्या लेण्यात लहान प्रमाणात अनुसरला असून त्याला ‘छोटा कैलास’ म्हणतात. क्रमांक १५ चे दशावतार लेणे मुळात बौद्ध विहार म्हणून सुरू झाले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

वेरूळचे हे सान्निध्य सलोख्याचे प्रतीक मानले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु एकमेकांशेजारी अधिकाधिक भव्य वास्तू उभारण्यामागे राजाश्रयासाठीची स्पर्धाही होती.

काही ठिकाणी एका धर्माच्या वास्तूत दुसऱ्या धर्माची उपासना सुरू झाली. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या लेण्यात आहे तो मूळचा बौद्ध विहार होय. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे. दापोली तालुक्यातील पन्हाळे काजी येथील लेण्यांत प्रथम बौद्ध आणि नंतर शैव व नाथ संप्रदायाच्या उपासनेचे पुरावे मिळतात. अशा प्रत्येक ठिकाणी बदल बळजबरीने झाला, की ओस पडलेल्या जागी नवी उपासना आली, हे त्या त्या स्थळाच्या पुराव्यावरूनच ठरवावे लागते.

परस्परांना दिलेले स्थान

दुसऱ्या परंपरेतील पूजनीय व्यक्तीला नाकारण्याऐवजी आपल्या विश्वात सामावून घेणे, ही पद्धत तिन्ही धर्मांनी अवलंबिली.

बौद्ध ग्रंथांत इंद्र (सक्क) व ब्रह्मा हे देव आहेत. पण ते बुद्धाचे भक्त आहेत. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्धाने उपदेश करावा, अशी विनंती ब्रह्मा सहंपती हात जोडून करतो. दशरथजातकात राम हा बुद्धाचाच पूर्वजन्म असून सीता ही त्याची बहीण आहे.

जैन परंपरेत कृष्ण हा बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचा चुलतभाऊ मानला आहे. तो पराक्रमी ‘वासुदेव’ असला तरी हिंसेमुळे नरकात जातो आणि भविष्यकाळात तीर्थंकर होणार आहे. विमलसूरीच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत रामकथेत रावणाचा वध राम नव्हे तर लक्ष्मण करतो. अहिंसक राहिलेल्या रामाला मोक्ष मिळतो. श्वेतांबरांच्या कल्पसूत्रानुसार महावीरांचा गर्भ देवानंदा या ब्राह्मण स्त्रीच्या उदरातून त्रिशला या क्षत्रिय राणीच्या उदरात इंद्राच्या आज्ञेने हलविला जातो. तीर्थंकर ब्राह्मणकुळात जन्मत नाहीत, हे या कथेत सूचित आहे.

पुराणांनी बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविले. मात्र अनेक पुराणांत या अवताराचे प्रयोजन असुरांना मोह घालून वेदमार्गापासून दूर नेणे हे आहे. भागवतपुराणात पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचेही विष्णूचा अवतार म्हणून चरित्र आले आहे. महाराष्ट्रात दशावतारांच्या जुन्या चित्रांत व पंचांगांत नवव्या अवताराच्या जागी विठ्ठलाची आकृती दाखविण्याची रीत होती. विठ्ठलाच्या स्वरूपात एकत्र आलेल्या विविध परंपरांचे विवेचन रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात केले आहे.

या सामावून घेण्यातून कथांची व प्रतिमांची देवाणघेवाण झाली. पण अवतार म्हणून स्वीकारलेल्या बुद्धाची मूळ शिकवण त्याबरोबर स्वीकारली गेली, असे नाही.

दार्शनिक वाद

पाचव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान तिन्ही परंपरांमध्ये तर्कशास्त्राच्या पातळीवर दीर्घ वाद झाला. दिङ्नाग व धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांना न्यायपरंपरेतून उद्द्योतकर, वाचस्पती मिश्र व उदयन यांनी, तर मीमांसेतून कुमारिल भट्ट यांनी उत्तरे दिली. जैनांच्या बाजूने अकलंक व हरिभद्र यांनी त्यांत भाग घेतला. प्रतिपक्षाचे खंडन करण्यासाठी त्याचे ग्रंथ बारकाईने वाचणे आवश्यक असे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्ध मतांचे आणि जैनांच्या अनेकान्तवादाचे खंडन केले. तरीही त्यांच्या मायावादातील बौद्ध विचारांशी असलेल्या साम्यामुळे विरोधकांनी त्यांनाच ‘प्रच्छन्न बौद्ध’ म्हटले. आठव्या शतकातील हरिभद्र जन्माने ब्राह्मण होते. जैन झाल्यानंतर लिहिलेल्या ‘षड्दर्शनसमुच्चय’ या ग्रंथात त्यांनी इतर दर्शनांचा परिचय फारशी टीका न करता दिला.

संघर्ष

संघर्षाचे पुरावेही स्पष्ट आहेत. सातव्या शतकापासून तमिळ प्रदेशात शैव व वैष्णव भक्तिसंप्रदायांनी बौद्ध व जैनांवर तीव्र टीका केली. संत अप्पर हे स्वतः काही काळ जैन होते. मदुराई येथे आठ हजार जैनांना सुळावर दिल्याची कथा पुढील काळातील शैव साहित्यात येते. मात्र तिला समकालीन जैन ग्रंथांचा आधार मिळत नाही. गौडाचा राजा शशांक याने बोधिवृक्ष तोडल्याचे चिनी प्रवासी ह्युएनत्संग सांगतो. कर्नाटकात वीरशैव व जैन यांच्यातील संघर्षाचे उल्लेख लेखांत आढळतात.

तडजोडीचेही पुरावे आहेत. जैन व वैष्णव यांच्यात उद्भवलेल्या वादाचा विजयनगरच्या पहिल्या बुक्क रायाने १३६८ मध्ये निवाडा केला. जैनांचे संरक्षण ही वैष्णवांची जबाबदारी ठरवून तो निवाडा श्रवणबेळगोळ येथे कोरविण्यात आला.

बौद्ध धर्माचा ऱ्हास व जैन धर्माचे सातत्य

सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला तेव्हा त्याला सुमारे १०० विहार व ५००० भिक्षू आढळले. पुढील सहा शतकांत भारताच्या बहुतांश भागांतून बौद्ध धर्म जवळजवळ नाहीसा झाला. याचे कोणतेही एकच कारण देता येत नाही. दूरच्या व्यापाराला उतरती कळा लागणे, राजाश्रय मंदिरांकडे वळणे, भक्तिसंप्रदायांचा प्रभाव, अनेक उपासना व कल्पना हिंदू परंपरेत मिसळून जाणे आणि इ.स. १२०० च्या सुमारास नालंदासारख्या महाविहारांवर झालेली तुर्की आक्रमणे ही प्रमुख कारणे सांगितली जातात.

जैन धर्म मात्र टिकून राहिला. जैन साधू विहारात स्थिर न राहता फिरत असत आणि श्रावक-श्राविकांशी त्यांचा नित्य संबंध असे. गृहस्थांनाही व्रतांच्या द्वारे संघाचे अंग मानले जात होते. व्यापारी समाजाचा आधार असल्यामुळे केवळ राजाश्रयावर विसंबण्याची वेळ आली नाही. मोठ्या विहारांवर अवलंबून असलेला बौद्ध संघ विहार उद्ध्वस्त होताच निराधार झाला.

आधुनिक काळ

एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय विद्वान जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत होते. पाली ग्रंथांतील निगण्ठ नातपुत्त म्हणजेच महावीर, हे लक्षात घेऊन हेर्मान याकोबी यांनी जैन धर्माची स्वतंत्रता व प्राचीनता सिद्ध केली. मराठीत या विषयाच्या अभ्यासाचा पाया मूळचे गोव्याचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी घातला. ‘भगवान बुद्ध’, ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ व ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या ग्रंथांत त्यांनी तिन्ही परंपरांचा एकत्रित विचार केला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे न मानण्याची प्रतिज्ञा आहे. शतकानुशतके चालत आलेल्या सामावून घेण्याच्या पद्धतीला दिलेला हा जाहीर नकार होता. ज्यांना जातिव्यवस्थेने सर्वांत खालचे स्थान दिले होते, त्यांच्या दृष्टीने बुद्ध वेगळा आहे की अवतार आहे, हा केवळ पुराणकथेचा प्रश्न नव्हता.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार, हिंदू धार्मिक संस्थांबाबतच्या तरतुदीपुरता ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश होतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही बौद्ध व जैनांना लागू आहे. दुसरीकडे, केंद्र शासनाने बौद्धांना १९९३ मध्ये व जैनांना २०१४ मध्ये अल्पसंख्याक धर्मसमुदाय म्हणून अधिसूचित केले. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख आणि सुमारे ४४.५ लाख जैनांपैकी १४ लाख महाराष्ट्रात राहतात. कोणत्याही राज्यातील बौद्धांची तसेच जैनांची ही सर्वाधिक संख्या आहे.